किचनच्या चावीला पाणी पुन्हा पुन्हा बारीक होतंय? जाळीतला कचरा धुऊन टाकू नका

आमच्या किचनमधल्या चावीचं पाणी दीड वर्षात सहा वेळा बारीक झालं. (कोल्हापुरात आम्ही नळाला चावीच म्हणतो, पुढंही तसंच लिहिते.) सहाही वेळा मी तोंडाची जाळी काढली, धुतली, परत बसवली. धार मोठी व्हायची, आणि दोन-तीन महिन्यांत सासूबाई सिंकपाशी उभ्या राहून म्हणायच्या, "परत बारीक झालंय बघ. जाळी काढ की."

घर मंगळवार पेठेतलं, जुनं. दारात मुन्सिपाल्टीची एक चावी आहे, बाकी सगळं पाणी गच्चीवरच्या टाकीतनं. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोचलं, तेव्हा गल्लीत सगळीकडं तोच विषय होता, आता फोर्स कसा येतोय बघा म्हणून. आमच्या दारातल्या चावीला फोर्स आधीही चांगला होता आणि नंतरही चांगलाच राहिला. किचनची धार मात्र सुतळीएवढीच. म्हणजे दोष बाहेर कुठं नव्हता, टाकी आणि सिंक यांच्या मधेच होता.

सातव्या वेळी मी जाळी नळाखाली धरण्याआधी एका पांढऱ्या वाटीत उपडी करून आपटली. सहा वेळा जे मी धुऊन मोरीत सोडलं होतं, ते पहिल्यांदा नीट बघितलं. वाटीच्या तळाशी दोन प्रकारचे कण होते. एक लाल-तपकिरी, पापुद्र्यासारखे, भिजलेल्या कांदा-लसूण चटणीसारखे दिसणारे. दुसरे काळे आणि मऊ. ते बोटांत चुरडले तर काजळ लागावं तसा डाग पडला. लाल होता तो लोखंडी पाईपचा गंज आणि काळं होतं ते रबर. जाळीचं काम जाळी चोख करत होती. कचरा मागनं येत होता, आणि मी मात्र दर वेळी गाळणी धुऊन काम झालं असं समजत होते.

तुमच्याही घरी हे वारंवार होत असेल तर पहिलं काम हेच करा. पांढरी वाटी घ्या, कण सुकू द्या, उजेडात बघा.

लालसर पापुद्रे निघाले तर लाईनमध्ये कुठंतरी जुना जीआय पाईप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) आहे. काळे, मऊ, बोटाला लागणारे कण म्हणजे सिंकखालच्या कनेक्शन पाईपचं (लाईनपासून चावीपर्यंत जाणाऱ्या लवचिक नळीचं) आतलं रबर किंवा एखादा सडलेला वायसर. पांढरी कच, नखानं फुटणारी, ही क्षारांची. बोअरचं पाणी टाकीत घेणाऱ्या घरांत हीच जास्त दिसते. हिरवट, बुळबुळीत काही असेल तर टाकीत ऊन जातंय आणि शेवाळ धरलंय, म्हणून आधी झाकण बघा. मऊ तपकिरी चिखल असेल तर टाकीच्या तळाचा गाळ. आणि पिवळट किंवा पांढऱ्या प्लास्टिकचा कीस, टेफ्लॉन टेपचे तुकडे निघाले तर नुकतंच कुणीतरी प्लंबिंगचं काम केलंय आणि लाईन न धुता चावी बसवलीय. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत सोपा. एकदा स्वच्छ केलं की परत येत नाही.

जाळी काढायची कशी, हे ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी: सिंकच्या भोकावर आधी फडकं किंवा झाकण टाका, नाहीतर बारीक वायसर थेट मोरीत जातो. चावीच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळून खालनं बघत घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. हातानं नाही निघाली तर फडक्यावरनंच पक्कड लावा, नुसती पक्कड लावली तर क्रोमवर कायमचे ओरखडे पडतात. आतले भाग निघतील त्या क्रमानं टॉवेलवर मांडा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जाळ्या, प्लास्टिकची चकती, रबरी रिंग असा क्रम चुकला की पाणी कडेनं फवारतं. क्षार असतील तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून अर्धा तास भिजवा, रबरी रिंग मात्र बाहेर ठेवा. मग जुन्या टूथब्रशनं घासा. सुईनं टोचू नका, बारीक जाळी फाटते. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नको. ते क्रोम खातं, आतलं पितळ खातं, आणि त्याच्या वाफा नाकात जातात त्या वेगळ्याच.

आधी मोजा, मग हात लावा

"बारीक येतंय" हा शब्द फसवा आहे. जाळी पाण्यात हवा मिसळते, त्यामुळं धार जाड दिसते आणि पाणी तेवढं नसतं. म्हणून मी एक लिटरची रिकामी बाटली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन बसले. टाकी भरलेली, घरात दुसरी एकही चावी सुरू नाही, आणि किचनची चावी पूर्ण उघडी. बाटली भरायला लागले ३४ सेकंद. म्हणजे मिनिटाला पावणेदोन लिटर. बाटली १० सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला ६ लिटर होतात, आणि भांडी घासायला, भाजी धुवायला एवढं पाणी पुरेसं आहे.

त्यानंतर मी पुढनं मागं जात चार ठिकाणी मोजलं. सगळी दुरुस्ती या चार आकड्यांवर ठरली, म्हणून सविस्तर सांगते.

जाळी काढून टाकली आणि मोजलं, २१ सेकंद. म्हणजे जाळी अडवत होतीच, पण जाळी नसतानासुद्धा धार बारीकच होती. इथंच कळलं की सहा वेळा मी अर्धाच रोग बघत होते.

मग सिंकखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतनं येणारं पाणी बंद करायची छोटी चावी, बंद केला, कनेक्शन पाईपचं वरचं टोक चावीपासून सोडवलं आणि ते बादलीत धरून अँगल कॉक उघडला. २० सेकंद. चावी असताना २१ आणि नसताना २०, म्हणजे चावीत दोष नव्हता. इथं २० ऐवजी ८-९ सेकंद आले असते तर चावी गुन्हेगार ठरली असती आणि आतली स्पिंडल किंवा कार्ट्रिज काढून बघावी लागली असती. हे पाऊल न उचलता लोक थेट नवी चावी आणून बसवतात. पैसे जातात आणि पाणी तेवढंच येतं. मीसुद्धा लक्ष्मीपुरीतनं नवी चावी आणायच्या बेतातच होते.

पुढं कनेक्शन पाईप खालनंही काढला आणि नुसत्या अँगल कॉकचं पाणी बादलीत घेतलं. ठरावीक सेकंद घेऊन नंतर बाटलीनं मोजलं, कारण तिथं बाटली धरता येत नाही. हिशोब आला लिटरला १४ सेकंद. म्हणजे हातभर लांबीच्या त्या पाईपनंच सहा सेकंद खाल्ले होते. पाईप उजेडाकडं धरून आरपार बघितलं. बाहेरनं स्टीलची जाळी चकचकीत, आत रबर फुगून, सोलपटून लोंबत होतं. मधनं दिसणारा उजेड हरभऱ्याच्या डाळीएवढा.

शेवटचा आकडा बाथरूमचा. तीच टाकी, तीच उंची, तिथं बाटली ७ सेकंदांत भरली. बाथरूमचं काम आम्ही दीड वर्षापूर्वी काढलं होतं, तेव्हा तिकडची लाईन सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची झाली. किचनकडं जाणारी जीआय लाईन "चालतीय की" म्हणून तशीच ठेवली. आणि किचनचं पाणी बारीक व्हायला लागलं तेही दीड वर्षापूर्वीच. त्या कामात जुन्या पाईपवर हातोडा बसला, आटे पिळले गेले, कापताना लाईन हादरली, आणि वर्षानुवर्षं आत चिकटून बसलेला गंज सुटून पुढं वाहायला लागला. तारखा जुळवून बघितल्यावर वाटीतल्या लाल पापुद्र्यांचा उलगडा झाला.

पाईपच्या आत काय होतं

कनेक्शन पाईप मी स्वतः बदलला. त्याबाबत एकच सांगायचं. त्याच्या नटात रबरी वायसर असतो, तिथं टेफ्लॉन टेप लागत नाही. हातानं घट्ट करून पान्यानं जेमतेम पाव फेरा द्या. जास्त पिळलं की वायसर आत दबून भोकावर येतो आणि नव्या पाईपलाही पाणी बारीक येतं.

लाईनसाठी मात्र मिस्त्रीमामांना बोलावलं. फोनवर मी त्यांना चारही आकडे सांगितले. ते म्हणाले, "मग नळ बदलून काय हुणार न्हाई ताई. लाईनच बसलीया." दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी मागच्या भिंतीवरचा एल्बो (वळणाचा जोड) कापला आणि तुकडा माझ्या हातात दिला. पाईप अर्ध्या इंचाचा, पण आत पेन्सिल जेमतेम शिरेल एवढीच वाट. बाकी सगळी जागा गंजाच्या गाठींनी भरलेली. बोट फिरवलं तर फणसाच्या सालीसारखं खडबडीत लागत होतं, आणि तुकडा त्याच्या आकाराच्या मानानं जड होता.

पाईपच्या आतली रुंदी निम्मी झाली की पाणी निम्मं होतं असं वाटतं. प्रत्यक्षात ते साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं, आणि आत खडबडीत असेल तर त्याहूनही खाली. त्यामुळं जीआय लाईन वर्षानुवर्षं हळूहळू भरत जाते तेव्हा फारसं काही जाणवत नाही, आणि शेवटच्या थोड्या थरानं एकदम धार बसते. असा पाईप ॲसिड सोडून साफ करून देतो म्हणणारे भेटतात. करू नका. गंजानं भिंत आधीच पातळ झालेली असते. गंज निघतो तिथंच गळती लागते, आणि पाईप भिंतीत असेल तर ती कळायला वेळ लागतो.

आम्ही टाकीपासून सिंकच्या भिंतीपर्यंत अर्ध्याऐवजी पाऊण इंची लाईन नवीन घेतली, फक्त शेवटच्या एल्बोला अर्धा इंच. वळणं शक्य तेवढी कमी ठेवली. मधलाच एक तुकडा बदलायचा बेत होता, पण मामा नको म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. अर्धी लाईन जुनी ठेवली असती तर ठोकाठोकीनं तिचा गंज पुन्हा सुटला असता आणि आठव्यांदा जाळी हातात आली असती.

काम झाल्यावर चावी लगेच जोडू दिली नाही. अँगल कॉकचं तोंड बादलीत सोडून चार बादल्या पाणी जाऊ दिलं. पहिल्या बादलीत पाईपचा कीस आणि टेपचे धागे होते, तिसरीपासनं स्वच्छ. मग चावी, आणि सगळ्यांत शेवटी जाळी. घरात कुठंही प्लंबिंगचं काम निघालं, अगदी शेजारच्या बाथरूमात, तरी सगळ्या चाव्यांच्या जाळ्या आधी काढून ठेवा आणि लाईन धुऊन झाल्यावरच बसवा.

तुमचं कारण वेगळं असेल तर

टाकीच्या आऊटलेटपाशी असलेला व्हॉल्व्ह जुना, गोल चाकाचा असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आतली चकती दांड्यापासून सुटून खालीच अडकते. चाक मोकळं फिरतं, बघणाऱ्याला वाटतं उघडलाय, आणि पाणी फटीतनं येत राहतं. असा असेल तर काढून बॉल व्हॉल्व्ह बसवा. त्याचा दांडा पाईपला समांतर म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद, संशयाला जागाच नाही. सिंकखालचा अँगल कॉकही बघा. गॅसची नळी किंवा कचऱ्याचा डबा सरकवताना तो अर्धा बंद झालेला मी दोन घरांत बघितलाय.

सकाळी टाकी भरलेली असताना धार चांगली आणि रात्री टाकी तळाला गेल्यावर बारीक, असं असेल तर गाळाचा संशय घ्या. टाकीचं आऊटलेट तळापासून दोन-तीन इंच वर हवं, म्हणजे गाळ खालीच राहतो. तळाला चिकटून असेल तर पाणी कमी झालं की गाळ थेट किचनमध्ये येतो. पावसाळ्यात पंचगंगेला नवं पाणी येतं ते लालभडक असतं. पाणी शुद्ध होऊन येत असलं तरी टाकीच्या तळाला वर्षभरात बारीक साका धरतोच. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, शहराला कित्येक दिवस टँकरवर काढावे लागले, आणि ज्याला मिळेल ते पाणी त्यानं टाकीत घेतलं. त्यानंतर ज्यांनी टाकी खरवडून धुतली नसेल, त्यांच्या तळाशी काय आहे ते एकदा वाकून बघावं. धुताना गाळ वॉशआऊटनं (टाकीच्या तळाशी गाळ सोडायला असलेल्या तोंडातनं) काढायचा, आऊटलेटचा व्हॉल्व्ह बंद ठेवून.

चावी थुंकल्यासारखी करते, मधेच थांबते, मग एकदम सुटते, असं असेल तर लाईनमध्ये हवा अडकलीय. टाकी पूर्ण रिकामी होऊन भरली की हे होतं, विशेषतः गच्चीवर पाईप कशावरनं तरी वर चढून पुन्हा खाली आला असेल तर. घरातली सर्वांत खालची चावी पूर्ण उघडून काही वेळ वाहू द्या. परत परत होत असेल तर आऊटलेटजवळ हवेचा उभा पाईप आहे का बघा. त्याचं तोंड टाकीतल्या पाण्यापेक्षा उंच आणि उघडं हवं.

फक्त गरम पाणी बारीक असेल तर किचनच्या चावीला दोष देऊ नका. गीझर किंवा सोलरच्या लाईनला क्षार धरलेत, नाहीतर तिथला एकाच दिशेनं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह अडकलाय. गीझरचं पाणी बंद करण्याआधी त्याचा स्विच बंद करा, हे विसरू नका.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण वेगळी. टाकीच्या पाण्याला दाब मिळतो तो फक्त उंचीचा, १० मीटरला साधारण १ किलो (चौरस सेंटिमीटरवर). टाकी डोक्यावर लगेच असेल तर चावीपासून पाण्याची पातळी जेमतेम २-३ मीटर, म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. दुकानात छान दिसणाऱ्या लांब मानेच्या, ओढून घ्यायच्या शॉवरच्या चाव्या यापेक्षा बराच जास्त दाब धरून बनवलेल्या असतात. अशा घरात साधा सिंक कॉक आणि टाकीपासून जाड लाईन एवढ्यानं बराच फरक पडतो. टाकी आणखी एक मीटर उचलली तर दाब फक्त ०.१ किलोनं वाढतो, त्यासाठी स्टँडचा खर्च करण्याआधी विचार करा. त्यानंही भागलं नाही तर प्रेशर पंप, पण तो टाकीच्या आऊटलेटवर. मुन्सिपाल्टीच्या लाईनला थेट मोटर जोडून ओढणं बेकायदेशीर आहे, आणि त्या ओढीनं जमिनीतल्या फुटक्या जोडांमधनं गटाराचं पाणी लाईनमध्ये शिरू शकतं. ते तुमच्या घरी येतंच, शेजाऱ्यांच्या पिण्याच्या भांड्यातही जातं.

आणि किचनची चावी टाकीवर नसून थेट मुन्सिपाल्टीच्या लाईनवर असेल तर आधी शेजारच्या वहिनींना विचारा, त्यांच्याकडं त्याच वेळेला फोर्स कसा आहे. त्यांच्याकडंही बारीक असेल तर घरात काही उघडू नका, चावीवाल्याला, म्हणजे गल्लीत पाणी सोडणाऱ्या मुन्सिपाल्टीच्या माणसाला विचारा. त्यांच्याकडं चांगला आणि तुमच्याकडंच बारीक असेल तर मीटरच्या आधीची गाळणी तुंबलेली असू शकते. मीटरला स्वतः हात लावू नका, ते काम पाणीपुरवठा खात्याचं किंवा परवानाधारक प्लंबरचं.

आमचं काम झाल्यावर बाटली ९ सेकंदांत भरली, जाळीसकट. सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतनं पेन्सिलीनं तारीख आणि सेकंद लिहून ठेवलेत, दर तीन महिन्यांनी एक ओळ. वर्षभरात ९, ९, १० आणि मागच्या आठवड्यात ११ झाले. जाळी पांढऱ्या वाटीत उपडी केली तर चिमूटभर पांढरी कच निघाली. लाल काही नाही, काळं काही नाही. अर्धा तास लिंबूसत्वात ठेवली, परत बसवली आणि मोजलं. ९.